गॅव्हिन हॅरिसनचे ७ मोजता येतात, पण वाजत का नाहीत?

रूपक७ (नाशिक)

नमस्कार मंडळी. बारा वर्षं तबला शिकलो, विशारद झालो, आणि गेल्या वर्षी एका मित्राचा जुना ड्रमसेट विकत घेतला. कारण एकच, पॉर्क्युपाइन ट्री या इंग्लिश रॉक बँडचा ड्रमर गॅव्हिन हॅरिसन.

‘इन अ‍ॅब्सेन्शिया’ (२००२) या अल्बममधलं ‘द साउंड ऑफ म्युझॅक’ हे गाणं घेऊन बसलोय. अंतऱ्यात ७ मात्रा आहेत. सात मात्रांचा रूपक ताल माझ्या हातात मुरलेला, म्हणून वाटलं होतं आठवडाभरात बसेल. चार महिने झाले. मात्रा चुकत नाही, सम चुकत नाही. पण माझं रेकॉर्डिंग ऐकलं की कुणीही सांगेल, हा पोरगा सात मोजतोय. त्याचं ऐकताना मान आपोआप डोलते आणि सात असल्याचं ध्यानातही येत नाही.

तो नेमकं काय करतो? हा वाद्याचाही फरक आहे का? माझा स्नेअर (खाली तारा लावलेला ड्रम) पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. आणि तो मुंबईत येऊन गेलाय म्हणतात, कुणी प्रत्यक्ष पाहिलंय का?

डावाहात (ठाणे)

मी पाहिलंय. डिसेंबर २००९, पवई, आयआयटीचा मूड इंडिगो महोत्सव. त्यांचा ‘द इन्सिडेंट’ अल्बम सप्टेंबरातच आला होता. मी एकवीस वर्षांची होते आणि ड्रम शिकायला लागून दोन वर्षं झाली होती. गर्दीत ढकलत ढकलत आम्ही दोघी मैत्रिणी अशा कोपऱ्यात पोचलो, जिथून बँडचा गायक स्टीव्हन विल्सन धड दिसत नव्हता, पण हॅरिसनचा डावा हात अगदी स्वच्छ दिसत होता. सुरुवातीला जागेवरून चिडले होते. दुसऱ्या गाण्यानंतर मैत्रीण म्हणाली, चल पुढे जागा झालीय, तर मी हलले नाही.

डाव्या हातातली स्टिक स्नेअरच्या कातड्यापासून बोटभर वर तरंगत असायची. त्या बोटभर उंचीवरून बारीक, जवळजवळ न ऐकू येणारे आघात चालू. मग एकदम तीच स्टिक कानाच्या उंचीपर्यंत जायची, एक कडक आघात, आणि पुन्हा बोटभर. मधलं काही नाही. अर्धवट उंची नाही, अर्धवट जोर नाही. मला तोवर वाटायचं की मेटल म्हणजे सगळं जोरात. त्या रात्री कळलं की जोरातलं जोरात ऐकू यायला त्याच्या शेजारी हळू असावं लागतं.

तुझं उत्तर तिथे आहे. तू सातही मात्रा एकाच वजनाने वाजवत असणार. आम्ही त्या बारीक आघातांना घोस्ट नोट म्हणतो. तबल्यात तुला हे येतंच रे! ‘तिरकिट’ वाजवताना तू चारही अक्षरं ‘धा’एवढी ठोकत नाहीस ना? बोटं सरकून जातात आणि पुढच्या ‘धा’ला उभं करतात. हेच डाव्या हाताला शिकव. हाय-हॅट (पायाने मिटणाऱ्या दोन झांजा) आणि किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) बाजूला ठेव, नुसती स्नेअर घे. मी भिंतीला शाळेतली पट्टी चिकटवली होती, शून्य कातड्याच्या पातळीला. घोस्ट नोट दोन सेंटिमीटरच्या वर गेली की थांबायचं आणि पुन्हा सुरुवात. मेट्रोनोमचा क्लिक मिनिटाला ६० वर. तीन महिने हात कंटाळतो, मग एके दिवशी आपोआप होतं.

दुसरी गोष्ट, आणि हीच मला जास्त महत्त्वाची वाटते. रूपकाची सम ‘खाली’च्या, म्हणजे बिनभाराच्या मात्रेवर असते. ‘तीं तीं ना, धी ना, धी ना’. पहिल्या मात्रेला डग्गा नाही. बारा वर्षं तुझ्या हाताला सवय आहे की आवर्तन हलकं सुरू होतं आणि भार चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर येतो. ड्रमवर पहिल्या मात्रेला किक बसते, जमिनीवर पाय रोवल्यासारखी. तू किक वाजवत असशील, पण मनात ‘तीं’ म्हणत असशील. म्हणून ते वरून चिकटवल्यासारखं ऐकू येतं. काही दिवस रूपक विसर. सात मात्रांचा नवा ठेका स्वतः तोंडाने बांध, पहिल्यावर ‘धा’ घे, आणि तो चालता चालता म्हण. मी ठाणे स्टेशन ते घर असं म्हणत जायचे.

तिसरं, हॅरिसन हा फक्त प्रोगवाला (प्रोग्रेसिव्ह रॉकवाला) नाही. वडील जॅझमध्ये ट्रंपेट वाजवायचे, घरात तेच संगीत. पॉर्क्युपाइन ट्रीत २००२ साली आला तेव्हा तो चाळिशीला टेकला होता. त्याआधी इगी पॉप, लिसा स्टॅन्सफिल्ड, इटलीतला क्लाउडिओ बाल्योनी अशा किती जणांच्या मागे बसून त्याने साधे, सरळ ठेके वाजवलेत. मी चौदा वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवतेय. लग्नं, गणपती, ऑक्टोपॅड, लावणीपासून कोळीगीतापर्यंत सगळं. समोरच्याचा पाय थिरकला नाही तर पुढची सुपारी मिळत नाही, हे त्या कामात हाडात मुरतं. त्याच्या विषम मात्रांच्या वादनात मला तेच ऐकू येतं. सात असोत की पाच, कुणाचा तरी पाय थिरकतोय याची तो काळजी घेतो. म्हणून मला तो इतका प्रिय आहे. अवघड वाजवणारे पुष्कळ आहेत. ऐकणाऱ्याला हाताला धरून अवघडातून नेणारे फार थोडे.

स्नेअरबद्दल: तो सोनोर कंपनीचे ड्रम वाजवतो, झांजा झिल्जियनच्या. सोनोरने त्याच्या नावाची प्रोटियन नावाची स्नेअर काढली आहे, बर्चच्या लाकडाची, १४ इंची आणि १२ इंची. मिळाली तर कुणाला नको? पण तुझा डबा आधी नीट लाव. तबला लावतोस तसाच, घर पाहून. प्रत्येक बोल्टजवळ कडेपासून दोन बोटं आत टिचकी मार, सगळीकडे एकच स्वर आला पाहिजे. खालचं कातडं लोक विसरतात, ते वरच्यापेक्षा ताठ ठेव. खालच्या तारा सैल करून एकेक आटा आवळत जा, बारीक आघातालाही ‘च्स्स’ उमटायला लागलं की थांब. फार आवळल्या की घोस्ट नोट मरते. तबलजीचा कान आहे तुझा, आमच्यापेक्षा लवकर लागेल.

मिरजवाले

डावाहात यांनी रूपकाबद्दल लिहिलेलं वाचून खरंच आनंद झाला. मी तबला शिकवतो. मुलामुळे हे संगीत ऐकायला लागलो. थोडी भर घालतो.

हॅरिसन यांनी १९९६ साली ‘रिदमिक इल्यूजन्स’ नावाचं पुस्तक लिहिलं. मुलाने आणलं तेव्हा मी नोटेशन लावत लावत वाचलं, आणि वाचताना सारखं वाटत होतं की हे तर आपल्या लयकारीचं घर आहे. दोन गोष्टी सांगतो.

एक, सरकवणं. साधा चारचा ठेका, किक १ आणि ३ वर, स्नेअर २ आणि ४ वर. तो सगळा जसाच्या तसा अर्धी मात्रा पुढे सरकवायचा. वाजवणाऱ्याच्या मनात सम होती तिथेच आहे. ऐकणारा मात्र स्नेअर ऐकून स्वतःची सम हलवतो, आणि मूळ ठेका परत आला की त्याच्या पायाखालची सतरंजी ओढल्यासारखं होतं.

दुसरी, लय बदलल्याचा भास. मात्रेची तीन अक्षरं करायची आणि दोन-दोन अक्षरांची नवी मात्रा धरून त्यावर तोच किक-स्नेअरचा ठेका वाजवायचा. आपली दीडपट. ८० ची लय १२० ची वाटते. चार मात्रांच्या दोन बारमध्ये (आवर्तनांत) नव्या बारा मात्रा होतात, म्हणजे चारचा ठेका तीनदा पुरा होऊन बरोबर समेवर. दीडपटीला आड म्हणण्यात फारसा वाद नाही. पण कुआड हे लयीचं नाव काही घराणी सव्वापटीला देतात, काही सव्वादोनपटीला. म्हणून ड्रम वाजवणाऱ्यांशी बोलताना मी आकडेच सांगतो.

रूपक७, तुम्हाला हे गणित अवघड नाही. फरक असा आहे की आपल्याकडे लेहरा, म्हणजे आवर्तनभर तीच तीच सुरावट, चालू असतो. हार्मोनियमवाला सम धरून बसलेला असतो, म्हणून आपण निर्धास्त फिरतो. तिकडे ड्रमरच लेहरा आणि ड्रमरच तबला. तेव्हा एक पाय लेहऱ्याला द्या. डाव्या पायाने हाय-हॅट प्रत्येक मात्रेला मिटत राहायचं, वर काहीही होवो. माझ्या मुलाचं तिथेच अडलं होतं.

बारापाच

विषय निघालाच आहे तर मेशुगा या स्वीडिश मेटल बँडच्या टोमास हाकेचं नाव घेतो. तोही सोनोरवाला. त्याचा उजवा हात झांजेवर शांतपणे चार मोजत असतो आणि पाय गिटारबरोबर भलत्याच हिशोबात धावत असतात. ‘ऑबझेन’ (२००८) अल्बममधलं ‘ब्लीड’ ऐका, दोन्ही पायांचं काम ऐकून घाम फुटतो. आणि तबल्याचा थेट धागा हवा असेल तर टूल या अमेरिकन बँडचा ड्रमर डॅनी कॅरी. तो आलोक दत्त यांच्याकडे तबला शिकला आणि मंडला नावाच्या इलेक्ट्रॉनिक पॅडवर तबल्याचे आवाज वाजवतो. त्यांच्या ‘लॅटरॅलस’ या गाण्यात ९, ८, ७ अशा मात्रांचे बार एकामागोमाग येतात, गाण्याचं कामचलाऊ नावच ९-८-७ होतं. रूपक७ने हॅरिसनआधी कॅरीकडून सुरुवात करावी असं माझं मत.

डावाहात (ठाणे)

बारापाच, कॅरीचं टॉमवरचं (स्नेअरशिवायच्या छोट्या-मोठ्या ड्रमवरचं) काम मलाही फार आवडतं. तरी मी याला हॅरिसनपासून हलू देणार नाही. याचा प्रश्न डाव्या हाताच्या हलकेपणाचा आहे. तो ‘साउंड ऑफ म्युझॅक’मध्ये जितका उघडा ऐकू येतो तितका दाट गिटारांखाली ऐकू येत नाही. हाकेचं वाजवायला गेला तर पाय सुधारतील, हात तसाच राहील.

मिरजवाले काका, लेहऱ्याची गोष्ट मी माझ्या वहीत लिहून ठेवली. इतकी वर्षं विद्यार्थ्यांना ‘डावा पाय सोडू नका’ एवढंच सांगत होते, का ते सांगता येत नव्हतं.

थेम्सकाठी

मूळचा सोलापूरचा, पंधरा वर्षं लंडनमध्ये. हॅरिसनला दोन वेगळ्या रूपांत पाहिलंय.

जून २०१९, रॉयल अल्बर्ट हॉल, हॅरिसनचा दुसरा बँड किंग क्रिमसन. तीन ड्रमसेट रंगमंचाच्या अगदी पुढे, बाकी बँड मागे उंचावर. ड्रमर तिघे: पॅट मास्टेलॉटो, जेरेमी स्टेसी आणि हॅरिसन. एकच ठेका तिघांत तुकड्यांनी वाटलेला, एकाने सोडलेली जागा दुसरा भरतोय. मोबाइल बाहेर काढायचा नाही अशी सक्त सूचना. शेवटी बासवाल्या टोनी लेव्हिनने स्वतःचा कॅमेरा काढला की मगच आपण फोटो काढायचा. त्यामुळे अडीचेक तास सगळा हॉल नुसता बघत होता. ‘ट्वेन्टी-फर्स्ट सेंचुरी स्किझॉइड मॅन’मध्ये हॅरिसनचा सोलो आला. जोरात सुरू होईल असं वाटलं होतं. त्याने आधी वाजवणं कमी केलं. मध्ये एवढी मोकळी जागा सोडली की शेजारची बाई पुढे सरकून बसली.

मग नोव्हेंबर २०२२, वेम्बली, पॉर्क्युपाइन ट्री. ‘क्लोजर/कंटिन्युएशन’ अल्बमचा दौरा. त्यातलं ‘हॅरिडन’ ५ मात्रांचं आहे आणि माझ्या पुढच्या रांगेतला सातआठ वर्षांचा मुलगा बाबांच्या खांद्यावर बसून त्या पाचावर बरोबर डोलत होता. डावाहात जे म्हणतात ना, पाय थिरकण्याची काळजी, ते मी त्या मुलात पाहिलं. ‘साउंड ऑफ म्युझॅक’ही झालं त्या रात्री. तो सगळ्या वेळात हसऱ्या चेहऱ्याने सरळ पाठीने बसलेला असतो. खांदे वर जात नाहीत. रूपक७, स्वतःचा व्हिडिओ काढून खांदे बघा एकदा.

रूपक७ (नाशिक)

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन आठवड्यांनी लिहितोय, कारण आधी करून बघायचं होतं.

खांदे कानाला लागलेले होते! व्हिडिओ बघून आई म्हणाली, तबल्याला बसतोस तेव्हा तू असा नसतोस.

ताई, पट्टी लावली. पहिल्या दिवशी माझ्या घोस्ट नोट आठ सेंटिमीटरवर होत्या, आता चारवर आल्यात. स्नेअर लावताना खालचं कातडं पाहिलं तर दोन बोल्ट हाताने फिरत होते. आवळले, आणि डबा गेला. आता ‘च्स्स’ येतो. रूपक अजून पूर्ण विसरता येत नाही, पण ‘धा’ने सुरू होणारा एक ठेका बांधलाय आणि गोदाकाठी फिरताना तो म्हणतो. काल पहिल्यांदा चार आवर्तनं अशी गेली की मला मोजावं लागलं नाही. पाचव्याला आनंद झाला आणि हुकलो.

काका, डाव्या पायाचं तुम्ही म्हणालात तसंच आहे. हात गुंतला की पाय थांबतो. आणि हाय-हॅटचं पेडल परत वर यायला वेळ लावतं, नडगी दुखायला लागते. माझा पाय की पेडल, कसं ओळखायचं?

डावाहात (ठाणे)

आधी पेडल. पाय काढून घे आणि हाताने दाबून सोड. वरची झांज झटकन उठली पाहिजे. सुस्तावली तर दांड्याला आणि सांध्यांना शिलाई मशीनचं तेल दे, एकच थेंब, आणि स्प्रिंगचा आटा आवळता येत असेल तर थोडा आवळ. मग क्लच (वरची झांज दांड्याला धरणारा भाग) बघ, त्याने झांज फार घट्ट धरली नाहीये ना. तरीही नडगी दुखली तर स्टूल दोन बोटं वर घे, कंबर गुडघ्यापेक्षा किंचित उंच राहिली पाहिजे. आणि ती चार आवर्तनं रेकॉर्ड केली असशील तर इथे टाक, मला डावा हात ऐकायचाय.