पहिली वॉटर स्की : दोघांत एक जोडी, ६४ इंची की ६७?

धायरीकर
मंडळी, वॉटर स्कीची पहिली जोडी घ्यायची आहे. वापरणारे दोघं. माझं वजन ७८ किलो, बुटाचा नंबर ९. बायकोचं ५६ किलो, नंबर ५. पोहता दोघांनाही येतं, स्कीवर अजून कुणी उभं राहिलेलं नाही. मित्राची ९० हॉर्सपॉवरची बोट आहे. दुकानदार म्हणतो ६४ इंची घ्या, मधली आहे, दोघांना चालेल. दुसरीकडे ६७ इंची जुनी जोडी स्वस्तात मिळतेय. शिवाय थेट एकाच स्कीवर, म्हणजे स्लॅलम शिकलो तर पैसे वाचतील का?

मुठाकाठ
'मधली' हा हिशेब चपलेला चालत नाही, स्कीला कसा चालेल? दोघांत एक जोडी असेल तर लांबी जड माणसाच्या वजनावर ठरवायची. ढोबळ मानाने ४५ ते ६८ किलोला ६३-६४ इंच, त्यापुढे ६७-६८.

कारण असं की शिकाऊ माणसाला बोट ताशी ३२ ते ४० किमीनेच ओढते. त्या वेगाला ७८ किलोखाली ६४ इंची स्की नीट तरंगत नाही. शेपूट रुतते, टोक वर राहतं, सगळा ओढा हातांवर येतो. मग माणूस अंगठा वर करून 'वेग वाढव' सांगतो, आणि वाढलेल्या वेगात पडतो. उलट ५६ किलोला ६७ इंचीवर त्रास होतो तो सुरुवातीला, पाण्यात बसलेलं असताना : लांब टोकं इकडेतिकडे भरकटतात. चालकाने बोट अगदी हळू पुढे घेऊन दोर ताणलेला ठेवला की टोकं सरळ होतात.

थेट स्लॅलम नको. कॉम्बो जोडी घ्या. तिच्यातल्या एका स्कीवर बाइंडिंगच्या, म्हणजे पाय अडकवायच्या रबरी खोबणीच्या, मागे दुसऱ्या पायासाठी पट्टा असतो. दोन्हींवर तोल जमला की दुसरी सोडून द्यायची नि याच स्कीवर स्लॅलम शिकायचं. पैसे वाचतात ते इथे. पुढचं टोक रुंद हवं, निमुळतं देखणं नको.

पट्टा_घट्ट
६७ ला माझंही मत. पण जुनी जोडी उलटी करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. कडेकडेने अंगठा दाबत जा. कुठे मऊ लागलं किंवा कट्ट आवाज आला तर आत पाणी शिरून थर सुटलेत, ती सोडा. शेपटीची फिन, म्हणजे तळाची उभी पाती, हलवून बघा. सैल असेल तर स्की सरळ चालायची सोडून बाजूला घसरते. फिन बदलता येते, थर नाही.

मग बाइंडिंगचं रबर वाकवा. वाकवल्यावर बारीक भेगा उघडल्या तर ते पहिल्याच दिवशी टाचेपाशी फाटणार. मागचा भाग पुढे-मागे सरकणारा हवा, नाहीतर ५ आणि ९ नंबर एकात बसणार नाहीत. बाइंडिंगवर बहुधा अमेरिकन पुरुषी माप असतं, आपल्या बुटापेक्षा साधारण एकने मोठं. सरकवल्यावर खटका बसला का ते हाताने ओढून तपासा. अर्धवट बसलेला खटका बोट ओढू लागली की सुटतो.

पाय कोरडा घालू नका. थोडं पाणी नि शाम्पू लावला की सहज जातो. कोरडा घालताना टाचेची पट्टी खेचली की रबर तिथेच जातं. माप घट्ट, पण पडल्यावर पाय निसटेल इतपतच.

धायरीकर
दोर घरचाच वापरू का? नायलॉनचा आहे, १२ मिमी, चांगला दणकट.

मुठाकाठ
अजिबात नको. नायलॉन ताणतो आणि बुडतो. ताणलेला असताना हँडल सुटलं तर ते गलोलीसारखं बोटीकडे येतं. बुडालेला दोर पंख्यात गुंडाळतो. स्कीचा दोर पॉलिप्रोपिलीनचा, तरंगणारा, हँडल धरून साधारण २३ मीटर. आणि लाइफ जॅकेट फुगवायचं नको, फोमचं, पुढे तीन-चार पट्ट्यांचं. खांद्याला धरून वर ओढल्यावर हनुवटीपर्यंत येत असेल तर सैल आहे.

पट्टा_घट्ट
पाण्यात जाण्याआधी गवतावर दोन्ही स्की घालून उकिडवे बसा. गुडघे छातीशी, हात सरळ, दोर दोन्ही स्कींच्या मधून. समोरच्याने हँडल ओढायचं, तुम्ही हात न वाकवता उठायचं. नवशिके हात छातीकडे ओढतात आणि पाठीवर पडतात. दहा-पंधरा वेळा करा, फुकट आहे.

आणि धरणात उतरायचं तर जलसंपदा खात्याची परवानगी आधी विचारा. बोट मित्राची असली तरी पाणी त्याचं नाही. एप्रिल-मेमध्ये पाणी उतरल्यावर काठाकडचे दगड नि खुंट वर येतात, तेव्हा काठापासून लांब राहा.

धायरीकर
६७ वाली बघायला उद्या जातो, शाम्पूची पुडी खिशात घेऊन. गाडी हॅचबॅक आहे, मावेल ना?

मुठाकाठ
१७० सेंटिमीटर लांबी आहे. मागची सीट पाडून तिरकी टाका, फिन वर करून. पण गाडीत उन्हात ठेवून जाऊ नका, रबर त्यानेच जातं.