समुपदेशक वाढवायचे की अभ्यासक्रमाची रचना बदलायची?

मूळ मांडणी
विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा प्रश्न पुढे आला की उच्च शिक्षणसंस्था समुपदेशन कक्ष उघडतात, ध्यानाची शिबिरे भरवतात, पण एकाच आठवड्यात चार विषयांचे प्रकल्प मागण्याची पद्धत तशीच चालू ठेवतात. ताण जिथे निर्माण होतो, तिथेच आधी हात घातला पाहिजे. अमेरिकेतील सेंट लुईस विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाने २००९ पासून सुरुवातीच्या वर्षांत श्रेणींऐवजी केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा निकाल ठेवला, तासिका सुमारे दहा टक्क्यांनी कमी केल्या आणि तो वेळ आवडीच्या विषयांना दिला. पुढील तुकड्यांमध्ये नैराश्याचे व चिंतेचे प्रमाण लक्षणीय घटले आणि डॉक्टरांच्या परवाना परीक्षेतील गुणही घसरले नाहीत.

प्रतिसाद १ (समुपदेशक)
मला हे पटत नाही. मानसिक विकारांपैकी सुमारे तीन चतुर्थांश विकार वयाच्या २४ व्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात, म्हणजे विद्यार्थी ज्या वयात आपल्याकडे असतो तेच वय मुळात जोखमीचे आहे. स्किझोफ्रेनियाची पहिली लक्षणे श्रेणी रद्द केल्याने टळत नाहीत. आज रात्री जीव द्यावासा वाटणाऱ्या मुलीला पुढील वर्षीच्या अभ्यासक्रमाचा काय उपयोग? हजार ते दीड हजार विद्यार्थ्यांमागे किमान एक पूर्णवेळ समुपदेशक असावा, अशी या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. आधी तेवढे तरी करावे.

प्रतिसाद २ (प्राध्यापक)
माझा आक्षेप मूळ मांडणीलाच आहे. श्रेणी काढल्या तरी स्पर्धा संपत नाही, ती पुढे सरकते. अमेरिकेतील त्याच परवाना परीक्षेचा पहिला टप्पा २०२२ मध्ये उत्तीर्ण-अनुत्तीर्ण स्वरूपाचा झाला, तेव्हा रुग्णालयांतील पुढील प्रशिक्षणासाठी निवड करणाऱ्यांचे लक्ष दुसऱ्या टप्प्यातील गुणांकडे वळले.

मूळ लेखकाचे उत्तर
श्रेणींबाबतचा हा आक्षेप मला मान्य आहे, आणि तातडीच्या मदतीला पर्याय नाही हेही मान्य आहे. परंतु सत्राच्या आरंभी सर्व विषयांच्या शिक्षकांनी एकत्र बसून प्रकल्पांच्या तारखा विभागून लावणे, मध्यरात्रीऐवजी सायंकाळची मुदत देणे आणि आजारपणात मुदतवाढीसाठी प्रत्येक शिक्षकासमोर स्वतंत्रपणे आपले दुःख उघडे करायला न लावणे, यांसाठी नवे पद लागत नाही की निधीही लागत नाही. तरीही हे होत नाही, कारण ते कोणा एकाचे काम मानले जात नाही.

प्रतिसाद १ (समुपदेशक)
तारखांच्या मुद्द्यावर मी आपल्याबरोबर आहे. मात्र मुदतवाढीचे प्रमाणपत्र समुपदेशकाकडूनच मागू नये, एवढी विनंती आहे. जो शिफारस देतो किंवा नाकारतो, त्याच्यासमोर विद्यार्थी मन मोकळे करत नाही. आणि आपले बोलणे विभागप्रमुखांच्या कानावर जाईल अशी शंका जरी आली, तरी तो पुन्हा आमच्या दारात येत नाही. हे काम विद्यार्थी कल्याण विभागाने स्वतःकडे घ्यावे.