अकरा महिने आणि नोटरीचा शिक्का
‘घराचा भाडेकरार अकरा महिन्यांचाच आहे, नोटरी पुरे’ असं तुमचा एजंट म्हणतो ना, ते महाराष्ट्रात चालत नाही. आपल्याकडे भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसताना वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं उलट सिद्ध होईपर्यंत खरं धरतात. मालकाला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मीही एकदा नोटरीवर भागवलं होतं. सोडताना मालकाने रंगकामाचे म्हणून डिपॉझिटमधले १२ हजार कापले. करारात रंगाचा ‘र’ नव्हता! आता किल्ली घेतली की आधी भिंतींचे, नळांचे फोटो काढून मालकालाच व्हॉट्सअ‍ॅप करतो.