नॉनप्लस्ड : गोंधळलेली की निर्विकार?

अनुवादिनी : अमेरिकी कथेतलं वाक्य अडलंय. नवरा घर सोडून चाललोय म्हणतो आणि बायको 'नॉनप्लस्ड' होऊन कॉफी ढवळत राहते. कोश सांगतो 'गोंधळलेली', प्रसंग सांगतो 'निर्विकार'.

तळटीप : कोशाचंच ऐका. लॅटिन 'नॉन प्लुस' म्हणजे 'याउप्पर काही नाही'. बोलणंच खुंटावं अशी अवस्था. 'नॉन' दिसला की नकार समजायचा, म्हणून अमेरिकेत 'अविचल' हा उलटा अर्थ बोकाळला. चूक रुळली तरी चूकच.

तिरकस : मग 'डिसइंटरेस्टेड' घ्या. तुम्ही मंडळी 'निःपक्ष' एवढाच अर्थ शुद्ध मानता. पण 'रस नसलेला' हा अर्थ सतराव्या शतकातला आहे, आणि तेव्हा 'अनइंटरेस्टेड'चा अर्थ होता निःपक्ष! जुनं तेच शुद्ध म्हणाल तर तुमचीच पंचाईत.

तळटीप : इतिहास मान्य. तरी 'डिसइंटरेस्टेड विटनेस' म्हणजे निकालात हितसंबंध नसलेला साक्षीदार. तिथे 'उदासीन साक्षीदार' लिहून बघा, साक्षीचं वजनच जातं.

पेटीवाला : शब्दयाद्या घोकणारे इथेच आपटतात, कारण एका शब्दापुढे एकच अर्थ असतो. त्यापेक्षा पाठांतराची कार्डं करा. कार्डाच्या पुढच्या बाजूला सुटा शब्द नको; पूर्ण वाक्य लिहा, शब्दाच्या जागी फक्त पहिलं अक्षर. मागे शब्द, मराठी छटा, त्याच्यासोबत हमखास येणारे दोन शब्द, आणि सूर स्तुतीचा की टीकेचा. सूर लिहिला नाही तर 'फुलसम प्रेझ' म्हणजे 'भरभरून कौतुक' समजून कुणीतरी आभारपत्रात घालतं. बऱ्याच वाचकांना त्यात खुशामत ऐकू येते. उजळणीला लाइटनरच्या पेट्या, म्हणजे आठवलेलं कार्ड पुढच्या पेटीत सरकवायचं : पहिली रोज, दुसरी 3 दिवसांनी, तिसरी आठवड्याने. चुकलेलं कार्ड थेट पहिलीत. आणि 'सँग्विन' (आशावादी) व 'सँग्विनरी' (रक्तरंजित) एकाच दिवशी घेऊ नका, एकमेकांत मिसळतात. 'एनर्व्हेट'लाही (शक्तिहीन करणे) 'एनर्जाइझ'पासून लांब ठेवा.

शब्दवेल्हाळ : अहो, मूळ कळलं की कार्डं कशाला? 'एनर्व्हेट'च घ्या : लॅटिन 'नर्व्हस' म्हणजे स्नायूबंध, 'ए' म्हणजे बाहेर. स्नायूच काढून घेतले, माणूस गलितगात्र! आपला 'स्नायू'ही त्याच कुळातला.

पेटीवाला : मूळ ही आठवणीची खुंटी. अर्थ तिच्यावर टांगू नका. 'इनफ्लेमेबल'मधला 'इन' नकाराचा वाटतो, आणि पेट घेणारा माल लोक सुरक्षित समजतील या भीतीने 'फ्लेमेबल' लिहायचा आग्रह सुरू झाला.

तळटीप : तो 'इन' नकाराचा नाहीच, 'आत'चा आहे. व्युत्पत्ती फसवत नाही, अर्धवट व्युत्पत्ती फसवते.

तिरकस : डब्यावरची पाटी वाचणाऱ्याने आधी लॅटिन शिकावं का?

अनुवादिनी : माझ्या वाक्याचं काय?

तिरकस : लेखक अमेरिकी, आजचा. 'निर्विकार' लिहा.

तळटीप : 'अवाक् होऊन'. अवाक् झालेली बाईही कॉफी ढवळतेच. त्याच लेखकाने तो शब्द आणखी कुठे वापरलाय ते आधी बघा.

पेटीवाला : असले दुर्मीळ शब्द नंतर हो. 2000 साली आलेल्या अकॅडेमिक वर्ड लिस्टमध्ये, म्हणजे अभ्यासग्रंथांत वारंवार येणाऱ्या इंग्रजी शब्दांच्या यादीत, 570 शब्दकुळं (एक शब्द आणि त्याची रूपं) आहेत, ती आधी संपवा.

शब्दवेल्हाळ : त्या यादीत 'पेरूझ' आहे का? तो 'बारकाईने वाचणे' की 'वरवर चाळणे'?

तळटीप : बारकाईने.

तिरकस : दोन्ही.