सुरुंगात पाय गेलेला दादा घरी आलाय पण उंबऱ्याबाहेर पडत नाही, काय करावं?

कोरेगावचा_धाकटा: दादा एलओसीवर पेट्रोलिंगला असताना सुरुंगावर पाय पडला, डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. आता मेडिकल बोर्ड होऊन घरी आलाय, पेन्शन चालू आहे. गावानं मिरवणूक काढली, फेटा बांधला, त्यानंतर तो जो खोलीत बसला तो बसलाच. पुण्याहून मिळालेला कृत्रिम पाय घालत नाही, रात्री झोपत नाही, लग्नाच्या वरातीत फटाके वाजले की वहिनीवर ओरडतो. कुणी यातून गेलं असेल तर सांगा प्लीज.

माजी_हवालदार: जय हिंद भावा. आधी त्याला एवढंच विचार, पाय घातल्यावर दुखतं का? पहिलं वर्षभर स्टंप म्हणजे कापून उरलेला पाय बारीक होत जातो, सॉकेट म्हणजे तो ज्यात बसतो ती कृत्रिम पायाची खोबण सैल पडते, आत घासून जखम होते आणि मग माणूस पाय कोपऱ्यात ठेवून देतो, घरच्यांना वाटतं हा हरला. पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरला परत ने, सॉकेट बदलून देतात. आणि सत्कार बंद करा कृपा करून, त्याला हार नको, काम हवंय.

फौजीची_बायको: झोपेतून उठवताना अंगाला हात लावू नका, दारातून नावानं हाक मारा, आमच्याकडे यानं खूप फरक पडला. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फौजी आणि घरच्यांसाठी पुण्यात एएफएमसी या लष्करी मेडिकल कॉलेजमध्ये २०२३ पासून वेगळा सेल आहे. वहिनींनीही फोन करावा, त्यांचंही कुणी ऐकायला हवं ना!

खडकीकर: खडकीचं क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट बघा. १९१७ पासून जखमी जवानांनाच ट्रेनिंग देतात, राहायची सोय आहे. तिथं सगळेच त्याच्यासारखे, कुणी बिचारा म्हणत नाही. आपले सांगलीचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले, १९७२ ला हायडेलबर्गला पोहण्यात पॅरालिम्पिक गोल्ड आणलं. पण हे लगेच दादाला ऐकवू नका हां, आधी पायाचं बघा.

कोरेगावचा_धाकटा: विचारलं. खरंच दुखतंय म्हणाला, जखम दाखवली, इतके दिवस कुणाला बोलला नव्हता. खडकीला ॲडमिशनसाठी कुठं जायचं?

माजी_हवालदार: साताऱ्यातलं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, तिथं चौकशी कर. डिस्चार्ज बुक आणि बोर्डाच्या कागदांची झेरॉक्स घेऊन जा. पण आधी ती जखम डॉक्टरला दाखव, भरेपर्यंत पाय घालायला लावू नकोस.