बेसबॉलमध्ये पिचर (बॉल टाकणारा) दमलाय की नाही हे ठरवायचं कोणी, आकड्यांनी की मॅनेजरच्या डोळ्यांनी?

प्रश्न:
काल २०२० च्या वर्ल्ड सिरीजची (सात मॅचेसची बेसबॉल फायनल), टँपा बे विरुद्ध डॉजर्स, सहावी मॅच परत बघितली आणि परत तितकाच राग आला. टँपा बेचा पिचर ब्लेक स्नेलने ७३ पिच (बॉल) टाकलेत, ९ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बॅटर आउट), हिट फक्त दोन, टँपा बे १-० ने पुढे, आणि मॅनेजर केविन कॅश त्याला काढतो! त्याच्या जागी निक अँडरसन आला, डॉजर्सच्या बेट्सने डबल (दोन बेसचा हिट) मारला आणि तिथेच सगळं हातातून गेलं. मग २०२५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये डॉजर्सचा मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्स त्याच्या पिचरला, यामामोटोला, सहाव्या मॅचमध्ये ९६ पिच टाकायला लावतो आणि दुसऱ्या दिवशी सातव्यात परत आणतो, तर तो हिरो. मग नियम काय?

उत्तर १:
कॅशचं मला पटलेलं नाही आणि पटणारही नाही. लाइनअप (समोरच्या टीमचे सगळे बॅटर) तिसऱ्यांदा समोर आली की पिचरला मार बसतो हे खरंय, पण डॉजर्सचे पहिले तीन बॅटर बेट्स, सीगर आणि टर्नर त्या दिवशी स्नेलपुढे सहापैकी सहा वेळा स्ट्राइकआउट झालेत! हे समोर दिसत असताना वहीतले आकडे बघायचे? आणि आणलं कोणाला, तर आधीच्या मॅचेसमध्ये सारखे रन देत आलेल्या अँडरसनला.

उत्तर २:
थोडं थांबा, यामामोटोचं उदाहरण देताना डॉजर्सचा अख्खा सीझन बघा ना. स्नेल (हो, तोच, २०२५ मध्ये तो डॉजर्समध्ये होता), ग्लासनाऊ, सासाकी, तिन्ही पिचरांचे खांदे दुखावलेले, महिनोनमहिने इंज्युर्ड लिस्टवर, ओहतानी तर कोपराच्या ऑपरेशननंतर जूनमध्ये परत पिचिंगला लागला. म्हणजे ऑक्टोबरमध्ये यांचे हात बाकीच्यांपेक्षा कमी झिजलेले होते. हे कोणी ठरवून केलं नव्हतं, दुखापतींनीच करून दिलं. पण यामामोटो मात्र सीझनभर खेळला, म्हणून त्याचंच मला सगळ्यात जास्त टेन्शन होतं. सातव्या मॅचमध्ये नवव्या इनिंगला एक आउट, बेसवर दोन रनर, आणि तो कोणाच्या जागी आला आठवतंय? स्नेलच्या! आल्या आल्या समोरच्या टीमच्या कर्कला बॉल लागला, बेसेस लोडेड (तिन्ही बेसवर रनर), माझ्या पोटात गोळा. मग डॉजर्सच्या रोहासने होम प्लेटला थ्रो करून रन घ्यायला येणाऱ्या रनरला फोर्स आउट केलं आणि पाहेसने आपल्याच टीमच्या किके हर्नांडेझला धडकून तो कॅच घेतला. हे दोन्ही झालं नसतं तर आज रॉबर्ट्सला आपण कॅशच्याच रांगेत उभं केलं असतं.

उत्तर ३:
+१. २००३ ला बॉस्टन रेड सॉक्सचा मॅनेजर ग्रेडी लिटलने उलटं केलं, पिचर पेड्रो मार्टिनेझला आठव्या इनिंगमध्येही ठेवलं, यँकीजनी बरोबरी केली आणि त्याची नोकरी गेली. काढलं तरी शिव्या, ठेवलं तरी शिव्या.

प्रश्नकर्ता:
स्नेलच्या जागी यामामोटो आला हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तरी माझं म्हणणं तेच. यामामोटो अडीच इनिंगच्या वर टिकला कारण रॉबर्ट्स प्रत्येक इनिंगला त्याच्याकडे बघत होता, तेवढं जरी कॅशने केलं असतं ना. बेट्सने नंतर स्वतः सांगितलं की स्नेल गेल्यावर बरं वाटलं. समोरच्या बॅटरलाच सुटल्यासारखं वाटतंय म्हणजे काय ते बघा.