पावसाळ्यानंतर १३बी एकाच रोटरवर सुरू होतंय: इंजिन बदलू की उघडू?

कातळमाथा (देवगड)
घरी बांधलेल्या दोन सीटच्या विमानात माझदाचं १३बी आहे (पिस्टनऐवजी दोन तिकोनी रोटर फिरतात ते इंजिन), प्रोपेलरचा वेग उतरवणारं रिडक्शन गिअर २.८५:१. चार महिने शेडमध्ये झाकून होतं. आता सकाळी स्टार्टर मारला की आधी एकाच रोटरवर धडधडतं, पांढरा धूर, गोडसर वास, मिनिटभरात सुरळीत. मागच्या रोटरचे दोन्ही प्लग ओले, कूलंटच्या बाटलीत बुडबुडे. उड्डाण बंद ठेवलंय. एक जुनं इंपोर्टेड इंजिन मिळतंय, ते बसवू का?

खारावारा
लक्षणं आतल्या कूलंट सीलची आहेत, तरी आधी खात्री करा. ओला प्लग कागदावर टेका: पेट्रोल उडून जातं, कूलंटचा चिकट डाग राहतो. मग इंजिन थंड असताना चारही प्लग काढा, रेडिएटरला हातपंपाने ०.९ किलोचा दाब द्या आणि अर्धा तास थांबा. इग्निशन बंद, प्रोपेलरजवळ कोणी नाही, एवढं पाहून स्टार्टर मारा. मागच्या रोटरच्या प्लगच्या भोकातून फवारा उडाला की शंका संपली.

उघडाल तेव्हा नवी रबरी सील आणून भागेल असं धरू नका. सीलच्या खाचेची भिंत पातळ असते. प्लगच्या बाजूला उष्णता जास्त, तिथेच ती गंजून तुटते. मग नवं सीलही थोड्याच दिवसांत गळतं. खाच नखाने चाचपा, कड खडबडीत लागली तर ते हाउसिंग (इंजिनाच्या कवचाचा तो भाग) बाद. विहिरीचं पाणी भरलं असेल तर गंजाचं कारण तिथेच आहे. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं भरा. जोडताना १८ लांब बोल्ट मॅन्युअलच्या क्रमाने, दोन-तीन फेऱ्यांत आवळा आणि शाफ्टचा एंडप्ले (पुढे-मागे सरकण्याची ढील) ०.०४ ते ०.०७ मिमी भरतो का पाहा.

सडा_धावपट्टी
जुनं इंजिन कॉम्प्रेशन पाहिल्याशिवाय घेऊच नका. साधा गेज चालतो, फक्त त्यातला व्हॉल्व्ह काढा, नाहीतर रोटरच्या तीन बाजूंपैकी सगळ्यात चांगलीचाच आकडा दिसेल. काट्याचे तीन ठोके सारखे हवेत. २५० आरपीएमला ६ किलोच्या खाली किंवा बाजूंमध्ये १.५ किलोहून जास्त फरक असेल तर नको. दोन सारखे आणि तिसरा मेलेला असेल तर बहुधा साइड सील (रोटरच्या सपाट बाजूचं) गेलंय; एकच चांगला आणि दोन मेलेले असतील तर अपेक्स सील (रोटरच्या टोकाचं).

इंजिन बदललंच तर जुना ऑइल कूलर धुऊनही परत लावू नका. आत अडकलेला धातूचा चुरा नव्या बेअरिंगवर जातो. लीडिंग-ट्रेलिंगच्या (प्रत्येक रोटरच्या दोन प्लगांच्या) वायरींवर खुणा करा, त्या उलट लागल्या तर टायमिंगच चुकतं.

खारावारा
ऑइल मीटरिंग पंप (रोटरच्या सीलना तेल देणारा) काढलेला असेल तर पेट्रोलमध्ये लिटरला ८ मिली टू-स्ट्रोक ऑइल विसरू नका. आणि पावसाळ्यात टाकीत राहिलेलं ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) आधी काढून टाका. आपल्याकडच्या दमट हवेत इथेनॉल पाणी ओढतं, पाण्याचा थर तळाला बसतो आणि पंप पहिल्यांदा तोच उचलतो. टाकी फायबरची असेल तर आतलं रेझिन मऊ झालंय का, तेही बोटाने दाबून पाहा.